एकोणीस लपवले, एकवीस सापडले

सोफिया,
९ जानेवारी २०२४

प्रिय झेचका मावशी,

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी इथून ओरडायचं, तू तिथून "मोठ्यानं बोल गं" म्हणायचं आणि शेवटी दोघींनी दमून फोन ठेवायचा. म्हणून हे पत्र. संगणकाला तू हात लावणार नाहीस हे ठाऊक आहे. जिनं बावीस वर्षं कारखान्यात संगणकाच्या डिस्क तपासल्या तिच्या घरात संगणक नाही, ही गंमत मी ऑफिसात येईल त्याला सांगते.

कामाचं बोलते. मी सध्या डिस्क मारते. खऱ्या नाही, खोट्या खोट्या. आमची कंपनी माहिती साठवायची यंत्रं बनवते. एका यंत्रात अठ्ठेचाळीस डिस्क, आणि प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन वेगळ्या डिस्कवर. एक मेली तरी दोन उरतात. माझं काम यंत्राला फसवायचं. त्याला सांगायचं की बाबा, तुझी सतरा नंबरची डिस्क गेली. मग ते गडबडतं की सावरतं ते बघायचं. डिस्क धडधाकट असते, मरणाचं फक्त सोंग असतं.

हे यंत्र इथल्या छातीच्या रोगांच्या एका रुग्णालयात जाणार आहे. तीस वर्षांचे एक्स-रे. तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या तोतेवाबाईंनी मला एकदा समजावून सांगितलं: आज कुणाच्या फुप्फुसावर डाग दिसला, तर तो नवा की पंधरा वर्षांपूर्वीचा हे फक्त जुन्या फोटोवरून कळतं. जुना फोटो नसेल तर छाती उघडून बघावी लागते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं जुनं यंत्र भंगारात जाणार, मग सगळी भिस्त आमच्या यंत्रावर. त्याआधी मला कागदावर सही करायची आहे की डिस्क मेल्या तरी एकही फोटो जाणार नाही.

मावशी, चारशे बारा तऱ्हांनी डिस्क मारून पाहिल्या. चारशे बाराही वेळा यंत्र पास. आमचा साहेब प्लामेन खुशीत आहे. मला मात्र चैन पडत नाही. वर्गातलं एखादं पोर सगळ्याच विषयांत पैकीच्या पैकी आणायला लागलं, की पेपरच सोपे होते की काय अशी शंका येते ना, तसं झालंय.

तू खऱ्या मरताना पाहिल्या आहेस. कशा मरतात त्या?

तुझी,
रादा


स्तारा झागोरा,
१६ जानेवारी

रादे,

पोस्टमन जिना चढून वर आला. म्हणाला, झेचकाबाई, बिल नाही, चक्क पत्र आलंय, म्हणून म्हटलं हातातच द्यावं. त्याला एक पेला ताक पाजून घालवला आणि वाचायला बसले.

हसू आलं. तुझ्या डिस्क फार संस्कारी आहेत गं. "मी मेले" असं सांगून मरतात. सांगून मेलेलीनं कुणाचं काही वाकडं होत नाही. ती काढायची, दुसरी लावायची. घात करतात त्या न सांगणाऱ्या.

एक असते आळशी. मरत नाही, उत्तर देते, पण देते आपल्या सवडीनं. पोस्टाच्या खिडकीतली बाई चष्मा शोधत बसली की मागे रांग कशी ताटकळते, तसं बाकीचं सगळं हिच्यामागे अडकून पडतं. दुसरी खोटारडी. "लिहिलंस का?" "लिहिलं." उघडून बघावं तर पाटी कोरी. तिसरी बेधडक. हे पान मागितलं की ते देते, आणि असं ठणकावून देते की आपल्यालाच वाटावं आपण चुकीचं मागितलं. मग दुपारची नाठाळ. सकाळी ठणठणीत, ऊन चढलं की विसरायला लागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणीत. दुरुस्तीवाला यायचा तो अर्थात सकाळी.

आणि सगळ्यांत वाईट त्या संगतीनं मरणाऱ्या. सप्टेंबरात मी मिरच्यांची ल्युतेनित्सा करते, तुला ठाऊक आहे. एका कढईतून चाळीस बरण्या भरते. त्यातली एक फुगली की उरलेल्या एकोणचाळिसांवर माझा विश्वास नसतो, मग झाकणं कितीही घट्ट असोत. तुझ्या तीन प्रती एकाच कढईतल्या तर नाहीत ना, ते आधी बघ.

आम्ही कारखान्यात काय करायचो ते सांगते. एका फळीवर तीस-चाळीस बिघडलेल्या डिस्क जपून ठेवलेल्या, प्रत्येकीला पत्र्याचा नंबराचा बिल्ला. नाठाळांची फळी म्हणायचो. रोज सकाळी त्यातली एक, बिल्ला काढून, तपासणीच्या मालात गुपचूप मिसळायची. तपासणाऱ्या मुली कानानं काम करायच्या. डिस्कमधला वाचणारा काटा सरकतो त्याचा आवाज ऐकून सांगायच्या, हिला कीड आहे. संध्याकाळपर्यंत नाठाळ हाती लागली नाही, तर पूर्ण माल पहिल्यापासून तपासायचा. मालाची परीक्षा मुली घ्यायच्या आणि मुलींची परीक्षा ती नाठाळ घ्यायची. मिसळणारं कोण ते मुलींना कळू द्यायचं नसे. असायची एक बाई.

तुझ्या आईला सांग, तिनं पाठवलेले लोकरीचे मोजे घट्ट होतात.

झेचका मावशी


सोफिया,
४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात भिंतीवर चिकटवलंय. मोज्यांची ओळ दुमडून.

तू सांगितलेल्या सगळ्या जणी मी एकेक करून यंत्रात सोडल्या. तेरा नंबरला आळशी केलं. मारलं नाही, फक्त प्रत्येक उत्तराला अर्धा मिनिट लावायला शिकवलं. चाळीस मिनिटांत अख्खं यंत्र ठप्प! सत्तेचाळीस धडधाकट डिस्क एका आळशीच्या मागे रांगेत उभ्या. मग वीस नंबरला खोटारडी केलं. दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी भरलेला एका आजोबांच्या छातीचा नमुना फोटो मागितला तर काळा चौकोन आला, आणि यंत्राचं म्हणणं, सगळं ठीक आहे. मी यावर सही करणार होते!

प्लामेनला दाखवलं.

"असं खऱ्या आयुष्यात होत नाही," तो म्हणाला.

"माझ्या मावशीनं बावीस वर्षं पाहिलंय."

"हल्ली काय करते तुझी मावशी?"

"स्तारा झागोराला असते. मिरच्या भाजते."

"मग भाजू दे की तिला!"

पण मी हटले नाही. दोन आठवडे आम्ही चौघीजणी मान मोडून बसलो आणि अठरा ठिकाणी यंत्र दुरुस्त केलं. आता ते लिहिलेलं परत वाचून खात्री करतं. आळशीची वाट बघत नाही, दुसऱ्या प्रतीकडे जातं. खोटारडी तीन मिनिटांत पकडली जाते. कढईचं मात्र तू म्हणालीस तेच निघालं. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस डिस्क एकाच आठवड्यात बनलेल्या, एकाच खोक्यातून आलेल्या. प्लामेन म्हणतो, घेतल्यात त्या घेतल्यात, पुढच्या वर्षी बघू. ते मी सोडलेलं नाही.

आणि तुमचा खेळ आम्ही उचलला! २९ जानेवारीपासून कामाच्या दर दिवशी एक खोटा बिघाड, रुग्णालयात चाचणीसाठी बसवलेल्या यंत्रात. कुठे आणि कधी, ते पाळीवर असलेल्यांना माहीत नसतं. ज्याला सापडेल त्यानं त्यावर "खेळ" अशी खूण करायची की प्रकरण बंद आणि ती डिस्क पुन्हा कामाला. शोधणाऱ्याला बाकीच्यांनी गरमागरम चीजची बानित्सा खाऊ घालायची. वेस्का म्हणून एक आहे आमच्यात. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत असते, पण नजर घारीची. सगळ्यांत जास्त बानित्सा तीच खाते.

ती मिसळणारी बाई कोण होती गं? मला भेटायला आवडेल तिला.

तुझी,
रादा


स्तारा झागोरा,
१२ फेब्रुवारी

रादे,

बाकी सगळं छान केलंस. तो खेळ मात्र बंद कर. लगेच कर.

कारण विचारू नकोस. मी मोठी आहे तेवढं कारण पुरे.

झेचका मावशी


सोफिया,
२३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हे काय वागणं झालं? खेळ तूच सांगायचास आणि मी खेळले की तूच डोळे वटारायचे. "मी मोठी आहे" हे कारण प्लामेनसुद्धा देत नाही, आणि तो कारणं द्यायचा आळस करण्यात पटाईत आहे.

खेळ मी बंद केलेला नाही. आमच्याकडचं सगळ्यांत चांगलं हत्यार आहे ते. कालपर्यंत मी एकोणीस बिघाड लपवले आणि आमच्या मंडळींनी एकवीस पकडले, बोल! इतक्या डोळ्यांत तेल घालून बसतात. दोन तर कुणीतरी उत्साहाच्या भरात दोनदा मोजले असणार. पहिल्या दिवशी एक शोधायला चार तास लागले होते, आता वीस मिनिटांत खूण करून मोकळे होतात. प्लामेन इतका खूश आहे की १५ तारखेपासून रुग्णालयाचे खरे फोटो नव्या यंत्रात भरायला सुरुवात झाली. भंगारवाल्याचा ट्रक ५ मार्चच्या सकाळी येणार. मी १ मार्चला, शुक्रवारी सही करेन.

तुला भीती वाटते ती कसली, ते सांगणार नसशील तर मी समजेन की वय झालं की माणसाला सगळ्याचीच भीती वाटते.

रागावू नकोस. पण मी रागावले आहे.

रादा


स्तारा झागोरा,
२७ फेब्रुवारी

रादे,

टपालाला चार दिवस लागतील, म्हणून हे सोफियाच्या बसच्या चालकाकडे देते आहे. शेजारणीकडून फोन करवून तुझ्या आईला तुला निरोप द्यायला सांगितलंय की स्थानकावर जाऊन घे.

आधी एवढंच वाच आणि उठ: एकोणीस लपवलेस तर एकवीस कसे सापडले?

कुणी दोनदा मोजलेलं नाही. ते दोन तुझे नाहीत. सही करू नकोस.

ते तपासायला सांगून झालं की बाकीचं वाच.

ती मिसळणारी बाई मी होते. मला वाटलं, तू ओळखशील आणि न ओळखल्याचं सोंग करशील. तू खरोखरच ओळखलं नाहीस.

३० सप्टेंबर १९८७. तिमाहीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी मी एकतीस नंबरची नाठाळ मिसळली, दुपारची. तपासणीला मिन्का होती. तिच्यासारखा कान कारखान्यात दुसरा नव्हता. अकराच्या सुमाराला तिनं हात वर केला, एक डिस्क बाजूला काढली, मुलींनी टाळ्या वाजवल्या. आजची सापडली! आणि रादे, नीट ऐक, त्यानंतर कुणी शोधलंच नाही. रोज एक असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक सापडली की कान मिटायचे. उरलेला माल मिन्कानं पाहिला, पण पाहायचा म्हणून पाहिला.

संध्याकाळी मी बिल्ला परत बांधायला फळीपाशी गेले. मिन्कानं काढलेली डिस्क हातात घेतली, तर ती माझी नव्हतीच. तिनं पकडली होती ती खरीखुरी बिघडलेली, त्याच दिवशी बनून आलेली, कुणीही न मिसळलेली. माझी एकतीस नंबरची चांगल्या मालाबरोबर खोक्यात बंद होऊन गेली होती. ट्रक फाटकाबाहेर पडून तास झाला होता. तो जिथे पोचायचा होता तिथे एक फोन केला असता तर परत आला असता.

मी फोन केला नाही. त्या ट्रकानं तिमाहीचा आकडा पुरा होणार होता. सभागृहात टेबलं मांडून झाली होती, भाषणं लिहून झाली होती. मी बिल्ला खिशात घातला आणि जाऊन टाळ्या वाजवल्या.

जानेवारीत एक माणूस कारखान्यात आला, गुलाबाच्या खोऱ्यातला. टोपी हातात धरून उभा. नऊ वर्षं त्यानं गुलाबाच्या जातींचे संकर केले होते, कुठल्या झाडाचा पराग कुठल्यावर, काय उगवलं, कशाला वास आला. ते सगळं त्या डिस्कवर होतं आणि डिस्क दुपारी विसरली ती कायमची. मी विचारलं, वह्या असतील ना? म्हणाला, संगणक आला तेव्हा रद्दीत दिल्या. "चूक माझीच बाई, वह्या ठेवायला हव्या होत्या." मी त्याला कॉफी पाजली आणि फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यानं माझे आभार मानले, रादे.

त्या मालावर सही मिन्काची होती. तिला तपासणीतून काढून खोकी भरायला घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी काही बोलले नाही. आज छत्तीस वर्षं झाली, अजून बोललेले नाही. तुला बोलते आहे ती पहिलीच.

खेळ वाईट नव्हता. सापडलेली प्रत्येक गोष्ट मिसळणारीनं स्वतः ओळखून "ही माझी" म्हटल्याशिवाय खेळ संपला असं म्हणायचं नाही, हा एक नियम आम्ही केला नव्हता. तो तू कर. आणि किती लपवले ते कुणालाही कळू देऊ नकोस. कधी दोन लपव, कधी एकही नको.

एक मार्चला शुभ म्हणून मनगटात बांधायचा लाल-पांढरा दोरा सोबत आहे. बांध.

झेचका


सोफिया,
६ मार्च

प्रिय मावशी,

बसच्या चालकानं माझ्याकडे आधी ओळखपत्र मागितलं. म्हणाला, म्हाताऱ्या बाईंनी शपथ घातलीय, दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर परत बसमध्ये पाय ठेवू देणार नाहीत. बस कुणाची आहे ते मी त्याला विचारलं नाही.

स्थानकावरच्या बाकावर पहिल्या चार ओळी वाचल्या आणि टॅक्सी करून ऑफिसला गेले. माझी यादी काढली, वेस्का आणि मंडळींची काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या. एकोणीस जुळले. १३ फेब्रुवारीचा एक आणि २० चा एक, ते माझे नव्हते. चौदा नंबर आणि एकतिसाव्या खणातली. दोन्ही खरोखर मरायला लागल्या होत्या, दोन्ही वेस्कानं पहिल्याच तासात पकडल्या होत्या, आणि "खेळ" अशी खूण केल्यामुळे यंत्रानं दोघींना पुन्हा कामाला जुंपलं होतं. आठवड्याहून जास्त दिवस त्यांच्यावर लोकांचे फोटो लिहिले जात होते.

शुक्रवारी प्लामेनसमोर उभी राहिले.

"दोनच ना?" तो म्हणाला. "तीन प्रती आहेत. दोन्ही बदलून टाक, विषय संपला."

"एका कढईतल्या आहेत. तिसरी कधी जाईल सांगता येत नाही. एकूण एक फोटो जुन्या यंत्राशी ताडून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

"किती वेळ लागेल?"

"मंगळवार दुपार."

"ट्रक मंगळवारी सकाळी आठला येतोय. मध्ये तीन मार्चच्या राष्ट्रीय दिनाची सोमवारपर्यंत सुट्टी, कुणी जागेवर नाही. मी कुणाला फोन करू?"

"मग मी ट्रकच्या आडवी पडते."

"रादा, सही मीही करू शकतो."

मी ताडणी सुरू करून दिली आणि तशीच रुग्णालयात गेले. तोतेवाबाईंना तळघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. खेळ माझा, मोजणीची चूक माझी, दोन डिस्क गेल्यात, तिसरीचा भरवसा नाही, जुनं यंत्र गेलं तर मी काही करू शकणार नाही. वाटलं, आता ही बाई मला धुऊन काढणार. त्यांनी जुन्या यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाल्या, "मंगळवारी मला किल्ली सापडणार नाही. माझं वय बघता कुणाला नवल वाटायचं नाही."

मंगळवारी आठला ट्रक आला. नऊला प्लामेनचा फोन, दहाला प्लामेन स्वतः. तोतेवाबाई शांतपणे टेबलाचे खण उपसत होत्या. हमाल ट्रकच्या फळीवर बसून पाव खात होते. मी आकडा सरकताना बघत होते. मावशी, मी आयुष्यात इतकं घट्ट कशालाच धरून बसले नव्हते. बारा वाजून दहा मिनिटांनी ताडणी संपली. सुट्टीत, रविवारी, तिसरी डिस्क एकदम मेली होती, तुझ्या भाषेत संस्कारी मरण. ज्या फोटोंच्या तिन्ही प्रती नेमक्या या तिघींवर पडल्या होत्या असे अकराशे सेहेचाळीस निघाले. अकराशे सेहेचाळीस माणसांच्या छात्या, आणि त्यांचा जगातला एकुलता एक फोटो त्या कुलूपबंद खोलीत होता.

प्लामेननं आकडा दोनदा वाचला. मग खाली जाऊन ट्रकवाल्याला परत पाठवलं. ते त्यानं स्वतः केलं, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. जुनं यंत्र आता जूनपर्यंत राहील, अर्ध्या डिस्क दुसऱ्या कारखान्याच्या येतील, आणि तुझा नियम आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागलाय.

आज अहवाल लिहायचा होता. प्लामेननं मसुद्यात लिहिलं होतं, "वेस्का यांनी दोन खरे बिघाड खेळ समजून बंद केले." मी तो परिच्छेद खोडला. माझ्या पूर्ण नावानिशी लिहिलं: "वेस्का यांनी दोन्ही खरे बिघाड पहिल्या तासात पकडले. ते आपल्या यादीशी ताडून न पाहण्याची चूक रादोस्तिना गेंचेवा हिची आहे."

"असं पाठवलंस तर वर्षभर तरी सहीचा हक्क तुझ्याकडे राहणार नाही," प्लामेन म्हणाला.

"नाही तर नाही."

वेस्कानं कागद वाचला. बिया सोलायच्या थांबवल्या. मग म्हणाली, "याची एक प्रत देशील? मला घरी दाखवायचीय." घरी सगळ्यांना आधीच कळलं होतं म्हणे, की तिच्यामुळे रुग्णालयाचं नुकसान झालं.

तुझं उरलेलं पत्र मी मंगळवारी संध्याकाळी वाचलं. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. त्या गुलाबवाल्याला कॉफी पाजलीस ते वाचून फार राग आला. आणि तू हे लिहिलं नसतंस तर मी शुक्रवारी सही करून बसले असते, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात आहेत, त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

एक विचारते. मिन्कानं त्या दिवशी पकडली ती खरी होती, हे तिला कधी कुणी सांगितलं का?

रादा


स्तारा झागोरा,
१७ मार्च

रादे,

नव्हतं सांगितलं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊच्या बसनं तिच्या गावी गेले. मिन्का अंगणात द्राक्षाचे वेल छाटत होती. मला फाटकात पाहून म्हणाली, "कोण मेलं?" मला ऐकू आलं नाही, पण आमच्या तपासणीच्या खोलीत मोठ्यानं बोलायला बंदी असे, तिथे काम केलेल्या बायका ओठ वाचतात. म्हटलं, "अजून कुणी नाही." तिनं ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. कात्री चालू ठेवली.

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. एकतीस नंबर, बिल्ला, ट्रक, टाळ्या, तो टोपीवाला माणूस. ती एकेक फांदी कापत होती. म्हटलं, मिन्का, माझ्यामुळे त्यांनी तुला तपासणीतून घालवलं.

तेव्हा ती वळली. "कुणी घालवलं? ते तर थांब म्हणत होते. मीच अर्ज दिला."

"का?"

"दोन होत्या आणि मला एकच ऐकू आली. मला वाटलं, माझा कान गेला. जिला दुसरी ऐकू येत नाही तिनं त्या खुर्चीवर बसू नये." मग म्हणाली, "चौदा वर्षं खोक्यांना खिळे मारले मी. त्या खोलीवरून जाताना कान झाकायचे, माहितेय? उगाच काही ऐकू आलं नाही तर पुन्हा वाईट वाटेल म्हणून."

रादे, मी छत्तीस वर्षं समजत होते की मी तिची नोकरी घेतली. मी काय घेतलं होतं ते मला त्या अंगणात कळलं.

मी म्हटलं, "मिन्का, तुझ्या कानाला काही झालं नव्हतं. तू काढलीस ती माझी नव्हती, कुणाचीच नव्हती. ती खरीच बिघडलेली होती आणि अख्ख्या कारखान्यात ती फक्त तुला ऐकू आली. दुसरी राहिली ती तू शोधणं थांबवलंस म्हणून राहिली, आणि तू थांबलीस ते माझ्या खेळामुळे."

कात्री खाली ठेवून ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली, मला ओठ दिसावेत म्हणून.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

मग तिनं घराकडे वळून नवऱ्याला हाक मारली. तो पायात चपला अडकवत बाहेर आला. "इथे उभा राहा," मिन्का त्याला म्हणाली, "आणि ही काय सांगते ते ऐक." मी तिसऱ्यांदा सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता.

झेचका मावशी